मनीऑर्डर ते मोबाइल : मुंबई–कोकण संपर्काची दीडशे वर्षे

मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची उभारणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये हाती घेतली आणि १८५६ मध्ये तिच्यातून सूत निघू लागले. पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, वरळी, भायखळा या भागांत गिरण्यांची रांग उभी राहिली आणि त्या परिसराला गिरणगाव हे नाव मिळाले. तिथे राबणारी माणसे मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. आजच्या सिंधुदुर्गाचा मोठा भाग तेव्हा याच जिल्ह्यात मोडत असे. मुंबईतले भाडे आणि महागाई यांमुळे कामगार एकटाच शहरात राही. बायको, मुले आणि म्हातारे आईवडील गावी राहून भातशेती सांभाळत. अशा रीतीने एकच घर दोन ठिकाणी नांदू लागले आणि ते एक राहावे यासाठी पैसा व खबर यांची नियमित ये-जा गरजेची झाली. ही ये-जा कोणकोणत्या साधनांनी झाली आणि प्रत्येक साधन हाताळणारी पिढी कशी बदलत गेली, हा कोकणच्या सामाजिक इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा आहे.

या इतिहासाची सुरुवात टपालापासून होते. १८५४ च्या टपाल कायद्याने देशभर एकच दर लागू झाला. वजन वाढले तर पत्राला जादा दर पडे. परंतु अंतर कितीही असले तरी त्यामुळे दर बदलत नसे. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि पत्र पाठवणे गरिबाच्या आवाक्यात आले. १८८० मध्ये मनीऑर्डरचे काम सरकारी खजिन्यांकडून टपाल खात्याकडे आले. तोपर्यंत गावी जाणाऱ्या विश्वासू माणसाच्या हाती रोकड द्यायची आणि ती सुखरूप पोहोचेल अशी आशा करायची, एवढाच मार्ग सामान्य कामगाराकडे होता. आता त्याच्या पगाराला सरकारी शिक्क्याची हमी मिळाली.

मनीऑर्डरची रचना साधी होती, पण तिच्यात पुष्कळ विचार होता. एकाच फॉर्मवर रक्कम, पाठवणाऱ्याचे नाव व पत्ता, पोचपावतीचा भाग आणि खाली चार ओळींच्या निरोपासाठी कुपन असे. पोस्टमन दारात येऊन नोटा मोजून देई, कुपन फाडून घरच्या हाती ठेवी आणि सही घेई. घेणारीला लिहिता येत नसेल तर अंगठा उठवला जाई व त्यावर साक्षीदाराची सही होई. पोचपावती मुंबईला परत गेली की पैसे मिळाल्याची खात्री पटे. या सेवेचे मोल कामगार मोजत असे. अलीकडच्या दशकांत दर वीस रुपयांमागे एक रुपया, म्हणजे शेकडा पाच असे कमिशन पडे. तरीही मुलांची फी, किराणा, औषधपाणी आणि पेरणीचा खर्च त्याच पैशातून भागत असे. कोकणाच्या अर्थव्यवस्थेला मनीऑर्डरवर चालणारी अर्थव्यवस्था म्हणत, ते यामुळेच.

कुपनावरचा किंवा कार्डावरचा मजकूर मात्र बहुतेक घरांत थेट वाचला जात नसे. पाठवणारा पुष्कळदा खोलीतल्या शिकलेल्या गाववाल्याकडून तो लिहून घेई. गावी पोस्टमन, शाळामास्तर किंवा शाळेत जाणारे मूल तो वाचून दाखवी. नवरा-बायकोतला प्रत्येक शब्द तिसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागे. त्यामुळे पत्रांची भाषा ठरावीक बनली: सर्व मंडळी खुशाल आहेत, पाऊस बरा आहे, गणपतीला यावे. मनातले बरेच काही त्या ओळींबाहेरच राहिले. दुसरीकडे, शाळेत जाणाऱ्या पहिल्या पिढीच्या वाट्याला मोठी जबाबदारी आली. आठ-दहा वर्षांचे मूल आजीचे पत्र वाचू लागले आणि घरातल्या पैशाचा, आजारपणाचा व भांडणाचा हिशोब त्याला वयाच्या आधी कळू लागला. अक्षरओळखीमुळे घरातला वयाचा क्रम काही क्षणांपुरता उलटा झाल्याचे हे पहिले उदाहरण होते.

पत्ता लिहिण्याची अडचण पुढे पिन कोडने कमी केली. सारख्या नावांची गावे आणि वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते यांमुळे टपाल भरकटत असे. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी व संस्कृत कवी-नाटककार श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली सहा आकडी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिच्यातला पहिला आकडा देशातला विभाग सांगतो आणि शेवटचे तीन आकडे टपाल कचेरी दाखवतात. मुंबईचे टपाल ४०० ने, तर गोव्याचे ४०३ ने ओळखले जाते.

पत्राला दिवस लागत, तारेला तास. डॉ. विल्यम ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली टाकलेल्या तारा १८५४ मध्ये मुंबईपर्यंत आल्या आणि १८५५ मध्ये ही सेवा जनतेसाठी खुली झाली. तारेचा आकार शब्दागणिक असल्याने तिची भाषा कमालीची आखूड झाली. ‘मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’ या धाटणीचा मजकूर इंग्रजी न येणाऱ्यांनाही पाठ होता. लग्न, सण आणि परीक्षेतल्या यशासाठी शुभेच्छांची वाक्ये क्रमांकाने ठरवलेली होती. पाठवणाऱ्याने फक्त क्रमांक लिहायचा. तरीही खेड्यात तार म्हणजे वाईट बातमी असेच समीकरण रूढ झाले. तारवाला अंगणात दिसला की पाकीट उघडण्याआधीच घरातल्या बाया रडू लागत. ही सेवा १४ जुलै २०१३ च्या रात्री शेवटच्या तारा घेऊन थांबली.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ मध्येच सुरू झाले, पण पुढची शंभर वर्षे फोन ही व्यापारी, डॉक्टर आणि अधिकारी यांच्या घरची वस्तू राहिली. अर्ज करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. चाळीत एखाद्याच बिऱ्हाडात फोन असे आणि तोच नंबर इतर अनेकजण आपल्या कागदांवर ‘पी. पी.’ अशी अक्षरे जोडून देत. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून ऑपरेटरच्या उत्तराची वाट पाहावी लागे. तातडीसाठी अर्जंट आणि त्याहून महागडा लाइटनिंग कॉल असे. ग्राहकाने स्वतः नंबर फिरवून दुसऱ्या शहरात बोलण्याची सोय, म्हणजेच एस. टी. डी., १९६० मध्ये कानपूर व लखनौ या शहरांदरम्यान प्रथम झाली. कोकणातल्या खेड्यापर्यंत ती यायला आणखी तीन दशके जावी लागली.

१९८० च्या दशकात दोन घटना पाठोपाठ घडल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, अनेक गिरण्या पुन्हा पूर्ण क्षमतेने चालल्या नाहीत आणि असंख्य घरांची मनीऑर्डर आटली. गिरणगावातून परतलेल्यांची आणि मुंबईत इतर कामे शोधणाऱ्यांची नवी पिढी पुढे आली. दुसरी घटना दूरसंचाराची होती. ऑगस्ट १९८४ मध्ये सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने ‘सी-डॉट’ ही संस्था स्थापन झाली. तिने वातानुकूलनाशिवाय, धूळ व उष्णता सोसून चालणारी छोटी ग्रामीण एक्स्चेंजेस बनवली. परदेशी एक्स्चेंजना थंड खोल्या लागत आणि त्या खेड्यात परवडत नसत. ही अडचण देशी रचनेने दूर केली.

त्यातूनच पिवळ्या पाटीचे एस. टी. डी. बूथ जन्माला आले. काचेची छोटी खोली, फोनशेजारी लाल आकड्यांचा मीटर आणि शेवटी छापून येणारी बिलाची चिठ्ठी, ही व्यवस्था एस. टी. स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत दिसू लागली. अपंग व्यक्तींना बूथ देताना प्राधान्य मिळे, त्यामुळे अनेकांना हक्काचा रोजगार लाभला. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून जेवणे उरकून लोक बूथबाहेर रांग लावत. गावाकडे घरोघरी फोन नसल्याने आधी दुकानात फोन लावायचा, ‘आईला बोलवा, दहा मिनिटांनी करतो’ असे सांगायचे आणि पुन्हा नंबर फिरवायचा, अशी पद्धत होती. निरोप देणारा तिसरा माणूस अजूनही होता, पण संभाषणात तो नव्हता. गिरणगाव वसल्यापासून प्रथमच मुलाचा आवाज आईच्या कानापर्यंत कोणी न वाचता पोहोचला.

मोबाइल फोनने बूथचे आयुष्य संपवले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले. सुरुवातीला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि येणाऱ्या कॉलचेही पैसे पडत. २००३ मध्ये येणारा कॉल मोफत झाला आणि चित्र पालटले. कॉल करणे महाग, घेणे फुकट, यातून ‘मिस्ड कॉल’ ही बिनखर्चाची सांकेतिक भाषा तयार झाली: एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे तू फोन कर. एसएमएसमध्ये रोमन लिपीत १६० अक्षरे मावत, देवनागरीत ७०. शिवाय अनेक फोनवर देवनागरी उमटतच नसे. परिणामी एका पूर्ण पिढीने मराठी रोमन अक्षरांत लिहिण्याची सवय लावून घेतली, आणि देवनागरी कळफलक हाताशी आल्यावरही ती सहज सुटलेली नाही.

२०१६ हे वर्ष दुसरे वळण ठरले. त्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने यूपीआय ही देयकपद्धत सुरू केली, सप्टेंबरमध्ये स्वस्त फोर-जी डेटा बाजारात आला आणि नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली. पैसे पोहोचायला पूर्वी आठवडा लागे, आता काही सेकंद लागतात, आणि कमिशन द्यावे लागत नाही. जुनी कागदी मनीऑर्डर त्याआधीच, २०१५ मध्ये, बंद झाली होती. २००८ पासून आलेल्या इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डरने तिची जागा घेतली होती. व्हिडिओ कॉलवर मुंबईतला चाकरमानी घरच्या गणपतीची आरती पाहू लागला. बोलून पाठवलेल्या निरोपामुळे लिहिता न येणाऱ्या आजीलाही स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या मालवणीत नातवाशी बोलता आले. पोस्टकार्डाने तिच्या आजीला हे कधीच दिले नव्हते.

ही साधने जितकी वेगवान, तितकीच वीज आणि टॉवर यांवर अवलंबून आहेत. २०२० च्या टाळेबंदीत शाळा-महाविद्यालये ऑनलाइन गेली, तेव्हा सिंधुदुर्गातल्या डोंगराळ गावांत विद्यार्थ्यांना रेंज मिळेल अशा टेकडीवर बसून तास ऐकावे लागले. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत वीज व मोबाइल सेवा कित्येक दिवस बंद राहिली आणि मुंबईकरांना गावाची खबर जाऊन येणाऱ्या माणसाकडूनच घ्यावी लागली.

मध्यस्थही पूर्णपणे गेलेला नाही. पिन टाकणे, ओटीपी वाचणे, खरा संदेश आणि फसवणूक यांतला फरक ओळखणे यासाठी वयस्कर माणसे मुलांवर किंवा नातवंडांवर विसंबतात. शंभर वर्षांपूर्वी कार्ड वाचून दाखवणाऱ्या मुलाची जागा फोन चालवून देणाऱ्या मुलाने घेतली आहे. फरक एवढाच, की तेव्हा चुकलेल्या वाचनाने गैरसमज होई, आता चुकलेल्या एका स्पर्शाने आयुष्याची बचत जाऊ शकते. म्हणून नवे साधन हाती देणे पुरत नाही. ते वापरायला संयमाने शिकवणे हे घरातल्या तरुण पिढीचे कर्तव्य ठरते.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. १ सप्टेंबर २०१८ रोजी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक देशभर सुरू झाली आणि त्यानंतर पोस्टमन फोन व आधारशी जोडलेले बोटांचे ठसे तपासणारे छोटे यंत्र घेऊन घरोघरी जाऊ लागला. मनीऑर्डरच्या फॉर्मवर शाईने उठणारा अंगठा आता काचेवर टेकतो. मात्र भातलावणी आणि घरकामात झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला पुष्कळदा ओळखता येत नाहीत. मग बोट पुसून, दुसरे बोट ठेवून पुन्हा प्रयत्न करावा लागतो. ठसा जुळला की पोस्टमन पूर्वीसारखाच ओटीवर बसून नोटा मोजून म्हातारीच्या हातात ठेवतो.