अपिलाची वाट : लंडनहून दिल्लीस

सार्वजनिक विश्वस्त संस्थांचे हिशेब ज्या कायद्यान्वये धर्मादाय कार्यालयात सादर होतात, त्या कायद्यास सर्वोच्च न्यायालयापर्यंत आव्हान देणाऱ्यांत एका जैन देरासराचे व्यवस्थापक होते, हे समाजात फार थोड्यांना ठाऊक आहे.

स्वातंत्र्यापूर्वी दिवाणी दाव्यातील अखेरचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे चाले. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचा वादही १९२९ साली तेथेच निकालात निघाला. मंदिर वऱ्हाडात आणि निवाडा सातासमुद्रापलीकडे! १९३७ साली दिल्लीत फेडरल कोर्ट स्थापन झाले. परंतु उच्च न्यायालयांची दिवाणी अपिले तिकडे वळली ती १ फेब्रुवारी १९४८ पासून. १० ऑक्टोबर १९४९ रोजी प्रिव्ही कौन्सिलचा अधिकार संपुष्टात आला व काही अपवाद वगळता तेथील प्रलंबित अपिले फेडरल कोर्टाकडे वर्ग झाली. पुढे २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटनेच्या ३७४ व्या अनुच्छेदान्वये त्या कोर्टातील सर्व प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाकडे आली. जुन्या वहीतील बाकी नव्या वहीत ओढावी, तसेच हे झाले; पक्षकारास नव्याने अपील दाखल करावे लागले नाही.

त्याच वर्षी मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम झाला. तेव्हा मुंबई राज्यात असलेल्या पंचमहाल जिल्ह्यातील वेजलपूर येथील देरासराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी यांनी त्यास आव्हान दिले. पारशी पंचायतीचे विश्वस्तही न्यायालयात गेले होते. उच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. आता अपील दिल्लीस होते.

प्रश्न देवद्रव्याचा होता. मूळ उद्देश साध्य होण्याजोगा असतानाही निधी अन्य कार्याकडे वळविण्याची मुभा कायद्याने दिली होती. शिवाय खुद्द धर्मादाय आयुक्तांनाच मंदिराचे विश्वस्त नेमता येत होते. १८ मार्च १९५४ रोजी न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी लिहिलेल्या निकालपत्राने या दोन्ही तरतुदी धर्मसंस्थांपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या. धर्म म्हणजे केवळ श्रद्धा नव्हे, त्यातील आचारही संरक्षणास पात्र आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पूजाविधी व व्रते पाळणाऱ्या समाजास याहून मोठा दिलासा कोणता?

वर्गणीच्या मुद्द्यावर मात्र देरासराची बाजू टिकली नाही. वार्षिक उत्पन्नावरील दोन टक्के वर्गणी हा कर नसून देखरेखीच्या सेवेचे शुल्क आहे, असे न्यायालयाने ठरविले. तेव्हा ती भरणे विश्वस्तांना भागच पडले.