हवा-ग्रहण आणि आयडलिंग, मोटार इंजिनातील : सातारा–सांगली परिसरातील तपासणी व दोषशोध

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरात जाणारी हवा गाळणारी, मोजणारी आणि गरजेपुरती आत सोडणारी भागांची साखळी म्हणजे हवा-ग्रहण यंत्रणा. जाळीमागचे किंवा हेडलाइटमागचे तोंड, एअर फिल्टरचा डबा, रबरी नळी, थ्रॉटल बॉडी आणि इनटेक मॅनिफोल्ड हे तिचे क्रमाने येणारे भाग. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावरही इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवर चालत राहते, त्याला आयडलिंग म्हणतात. इंजिन गरम झाल्यावर बहुतेक पेट्रोल मोटारींत हा आकडा मिनिटाला ६५० ते ९०० फेऱ्यांच्या दरम्यान असतो. एखाद्या गाडीसाठी तो नेमका किती, हे तिच्या पुस्तिकेत दिलेले असते. या वेळी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन बारीक फटीतून हवा ओढत असते. इतक्या कमी हवेवर चालताना कुठून थोडी चोरटी हवा शिरली तरी हिशेब बिघडतो. म्हणून हवेच्या वाटेतला दोष महामार्गावर जाणवण्याआधी गावातल्या पहिल्या गतिरोधकावर जाणवतो.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या विषयाला वेगळे महत्त्व आहे, कारण एवढ्या लहान टापूत हवा इतकी बदलणारे प्रदेश राज्यात थोडेच असतील. सांगली–मिरज समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, सातारा शहर ७०० मीटरच्या वर, पाचगणी १,३०० मीटरच्या आसपास आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत तो ५०० मिलिमीटरच्या आगेमागे असतो. एकच गाडी सकाळी जतच्या धुळीत आणि संध्याकाळी पाचगणीच्या धुक्यात असू शकते. तपासणी करणाऱ्याने गाडी कुठून आली हे आधी विचारावे. स्कॅनर लावण्याच्या आधीचा हा प्रश्न आहे आणि तो बहुधा विचारला जात नाही.

उंची आणि दाब : हवेचा दाब समुद्रकाठी सुमारे १०१ किलोपास्कल असतो. सांगलीत तो ९५, साताऱ्यात ९३ आणि महाबळेश्वरात ८६ किलोपास्कलच्या आसपास येतो. हवामानानुसार त्यात एखाद्या किलोपास्कलचा फरक पडतो. हे आकडे मेकॅनिकने भिंतीवर लिहून ठेवावेत इतके उपयोगी आहेत. मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर बरा आहे की नाही, हे पाहण्याची सर्वांत सोपी कसोटी त्यांत आहे : चावी ऑन करावी, इंजिन सुरू करू नये आणि स्कॅनरवरचे वाचन पाहावे. इंजिन थांबलेले असताना मॅनिफोल्डमधला दाब म्हणजे त्या गावच्या हवेचाच दाब. महाबळेश्वरात उभ्या गाडीचा सेन्सर १०१ दाखवत असेल किंवा सांगलीत ८५ दाखवत असेल, तर दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे. हवेची गळती शोधण्यात वेळ घालवण्याची तेव्हा गरज नाही.

जुन्या पद्धतीने व्हॅक्यूम गेज लावणाऱ्यांनीही उंची ध्यानात घ्यावी. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगला १७ ते २१ इंच पारा दाखवते, आणि दर हजार फुटांना हा आकडा साधारण एका इंचाने उतरतो. साडेचार हजार फुटांवरच्या महाबळेश्वरात १५ इंच दिसले म्हणून व्हॉल्व्ह गळतात असे म्हणणे चूक. मुंबई-पुण्याच्या प्रशिक्षणात शिकलेला आकडा डोंगरावर जसाच्या तसा लावल्याने चांगली इंजिने विनाकारण उघडली जातात, आणि हे टाळता येण्यासारखे नुकसान आहे.

कार्ब्युरेटरच्या काळात उंचीचा त्रास उघड दिसे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० च्या पहिल्या पिढ्या, प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसॅडर या गाड्या पसरणी घाट चढताना जड व्हायच्या, कारण हवा विरळ झाली तरी जेटमधून येणारे पेट्रोल त्या प्रमाणात घटत नसे. मिश्रणात पेट्रोल जास्त होई, धूर काळा पडे, आयडलिंग खाली बसे. मेकॅनिक रेसचा स्क्रू थोडा चढवी आणि गाडी वाईत उतरली की तीच रेस जास्त वाटे. प्रदूषणाचे नियम २००० सालापासून कडक होत गेले तसे इंजेक्शनचे इंजिन रूढ झाले आणि हे समायोजन संगणकाकडे गेले. आजच्या गाडीत असा स्क्रू शोधू नये. ज्या जुन्या मल्टिपॉइंट गाड्यांत थ्रॉटलला थांबा-स्क्रू आहे, तो कारखान्यात बसवलेला असतो. तो फिरवला की थ्रॉटल सेन्सरचे शून्य सरकते, आणि मूळ दोष तसाच राहून त्यावर दुसरा चढतो.

धूळ : पूर्वेकडच्या तालुक्यांत, उसाच्या फडातल्या पाणंदींवर आणि गाळप हंगामात रस्ता भरून जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे एअर फिल्टर लवकर भरतो. पुस्तिकेत फिल्टर बदलण्याचे जे अंतर दिलेले असते ते साध्या रस्त्यासाठी. धुळीच्या भागासाठी बहुतेक पुस्तिकांत वेगळे, कमी अंतर दिलेले असते आणि जत-आटपाडीकरांनी तेच पाळावे. कॉम्प्रेसरची हवा जोराने मारून कागदी फिल्टर पुन्हा बसवण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण तिने कागदाला सूक्ष्म भोके पडतात. फिल्टर उजेडासमोर धरावा. ठिपके चमकले तर तो टाकावा. चोंदलेल्या फिल्टरपेक्षा फाटलेला फिल्टर वाईट, कारण आत गेलेली माती पिस्टन रिंगा खाते. डब्याच्या क्लिपा नीट बसल्या आहेत का, फिल्टरची रबरी कड दुमडली आहे का, हे हाताने चाचपून पाहावे. उसाच्या आणि धान्याच्या गावांत आणखी एक त्रास : उभ्या गाडीच्या फिल्टरच्या डब्यात उंदीर पाचट, कापूस, शेंगांची टरफले साठवतात आणि व्हॅक्यूमच्या नळ्या कुरतडतात. पंधरा दिवस उभी राहिलेली गाडी अचानक आयडलला डचमळू लागली, तर पहिला संशय इथे घ्यावा.

धूळ आणि इंजिन यांची ओळख या भागाला नवी नाही. धनजीशा कूपर यांच्या साताऱ्यातल्या कारखान्यात नांगरांबरोबर डिझेल इंजिने तयार झाली. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीने लोखंडी नांगर आणि पंप घरोघर नेले. विहिरीवरच्या इंजिनाला आणि जुन्या ट्रॅक्टरला तेलात बुडवलेला एअर क्लीनर असे. हवा तेलावर आपटून वळते, माती तेलात बसते. त्या वाटीतले तेल वेळच्या वेळी बदलायचे असते, हे शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मोटारीच्या कागदी फिल्टरला मात्र तेवढी आस्था मिळत नाही, याची खंत वाटते.

दोषशोधाचा क्रम : तक्रारी बहुधा चारपाच शब्दांत येतात. आयडलला बंद पडते, मिसिंग मारते, हंटिंग करते म्हणजे रेस आपोआप वरखाली होते, एसी लावला की आरपीएम पडतो, किंवा पाय काढला तरी रेस खाली येत नाही. थरथर हीही तक्रार असते. पण टॅकोमीटरचा काटा स्थिर असताना गाडी थरथरत असेल, तर हवेकडे न वळता इंजिनाची माउंटिंग पाहावीत. थंड इंजिनाची रेस जास्त असणे स्वाभाविक आहे. ती गरम झाल्यावरही उतरत नसेल, तर संगणकाला दिसणारे पाण्याचे तापमान तपासावे. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल, तर पाचगणीच्या हिवाळी सकाळी इंजिन गरम होतच नाही आणि रेस चढीच राहते.

यानंतर गळती. या दोन जिल्ह्यांतल्या रस्त्यांवर मारुतीच्या छोट्या गाड्या फार, आणि अशा बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत हवा वजनाने न मोजता मॅप सेन्सरच्या दाबावरून काढली जाते. त्यामुळे लक्षण बदलते. हवेचा प्रवाह थेट मोजणाऱ्या मॅफ सेन्सरच्या गाडीत सेन्सरच्या पुढे गळती झाली, तर ती हवा हिशेबात येत नाही. मिश्रण विरळ होते, स्कॅनरवर इंधनाची भरपाई (संगणकाने जादा दिलेले पेट्रोल) १० टक्क्यांच्या वर चढते, अडीच हजार फेऱ्यांवर ती पुन्हा खाली येते आणि पी०१७१ हा कोड नोंदतो. मॅपच्या गाडीत मॅनिफोल्डमध्ये शिरलेली चोरटी हवा दाब वाढवते, संगणक तिच्यापुरते पेट्रोलही देतो, आणि रेस चढते. मग ती उतरवण्यासाठी आयडल झडप किंवा इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल जवळजवळ पूर्ण मिटते. रेस जास्त आणि झडप मिटलेली ही जोडी दिसली की गळती आहे असे समजावे. पी०५०७ हा कोड बहुधा सोबत असतो. उलट रेस कमी, पी०५०६ आणि झडप नेहमीपेक्षा उघडी असेल, तर वाट चोंदली आहे. परदेशी व्हिडिओंत इंधन-भरपाईचे जे नियम सांगतात ते बव्हंशी मॅफच्या गाड्यांचे असतात. आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे न पाहता ते लावणे हा आज सर्वांत जास्त दिसणारा गोंधळ आहे.

गळतीची ठिकाणे ठरलेली आहेत : फिल्टर ते थ्रॉटल यांमधल्या घडीच्या रबरी नळीची खालची बाजू, मॅनिफोल्डचे गॅस्केट, इंजिनातली वाफ परत नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह व त्याची नळी, पेट्रोलची वाफ सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह, आणि ब्रेक बूस्टरची नळी. धुराचे यंत्र असेल तर उत्तम; भेगेतून धूर स्वतःच बाहेर येतो. नसेल तर एकेक नळी चिमट्याने हळूच दाबून रेस बदलते का ते पाहावे. कार्ब्युरेटर क्लीनर फवारून गळती शोधण्याची रीत जुनी आहे, पण तापलेल्या एक्झॉस्टवर तो पेटतो. विझवण्याचे साधन हाताशी नसताना ती वापरू नये.

ब्रेक बूस्टरच्या नळीला या भागात वेगळी काळजी हवी. खंबाटकी, पसरणी, केळघर, कुंभार्ली हे रोजच्या वापराचे घाट आहेत आणि पॅडल हलके करणारा व्हॅक्यूम इंजिनाच्या याच मॅनिफोल्डमधून येतो. इंजिन बंद करून पॅडल चारपाच वेळा दाबावे, दाबून धरावे आणि इंजिन सुरू करावे. पॅडल किंचित खाली गेले पाहिजे. ते गेले नाही, किंवा ब्रेक दाबताच फुस्स आवाज येऊन रेस बदलली, तर ती गाडी घाटात नेऊ नये. आयडलिंगची तक्रार इथे सुरक्षिततेची तक्रार होते. घाट उतरताना इंजेक्शन पेट्रोल तोडते आणि फेऱ्या कमी झाल्यावर पुन्हा देते. त्या क्षणी काळवंडलेला थ्रॉटल पुरेशी हवा देत नाही व इंजिन बंद पडते. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम मग दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरताच उरतो.

थ्रॉटलच्या कडेला जमलेली काजळी पुसणे सोपे असले तरी हलगर्जीने करू नये. चावी काढून, नळी उतरवून, क्लीनर कापडावर घेऊन पुसावे. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलू नये, दाते तुटतात. साफ केल्यावर संगणकाला जुनी, चोंदलेली वाट आठवत असते म्हणून रेस काही काळ चढी राहते. कंपनीने सांगितलेली आयडल पुन्हा शिकवण्याची कृती करावी, काही गाड्यांत ती स्कॅनरनेच होते.

इंधन : या जिल्ह्यांतल्या कारखान्यांच्या उसापासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. त्यामुळे जुन्या आखणीच्या गाडीत इंधन-भरपाई सर्व वेगांवर सारखीच काही टक्के वर दिसते. ती गळती नव्हे. गळतीची भरपाई वेगानुसार बदलते. सीएनजीच्या जुन्या मिक्सर-किटांत बॅकफायरने फिल्टरचा डबा फुटतो, तोही उघडून पाहावा.

डिझेल : वडापच्या (वाटून भाड्याने चालणाऱ्या) डिझेल जीपगाड्यांना वरील विवेचन बहुतांशी लागू नाही, कारण डिझेलचे आयडलिंग इंधनाने राखले जाते. चढावर काळा धूर आणि पिकअप नाही, तर फिल्टर आणि टर्बोची नळी पाहावी.

पूर : ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पुराच्या पाण्यात इंजिन बंद पडण्याचे एक कारण हेच ग्रहणाचे तोंड. त्यातून सिलिंडरात गेलेले पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बरेचसे नुकसान गाडी बुडाल्यावर ‘एकदा मारून बघू’ म्हणून सेल्फ मारल्याने होते. अशा गाडीची चावी फिरवू नये. बॅटरी सोडवावी, फिल्टर ओला आहे का पाहावे, प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे, तेल दुधाळ असेल तर बदलावे. साध्या विमा पॉलिसीत पाण्याने बिघडलेल्या इंजिनाची भरपाई बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड पावसाळ्याआधी घ्यावी लागते.

दुरुस्तीनंतरची पडताळणी पीयूसी केंद्रावर स्वस्तात होते. भारत स्टेज ४ च्या पेट्रोल मोटारीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. अडीच हजार फेऱ्यांच्या चाचणीत लॅम्डा (प्रत्यक्ष हवेचे आदर्श हवेशी प्रमाण) ०.९७ ते १.०३ मध्ये यावा लागतो. प्रमाणपत्रावरचा शेरा पाहून कागद डब्यात टाकण्याऐवजी हे तीन आकडे मागच्या वेळच्या आकड्यांशेजारी ठेवावेत.