डर्टी काऊ
लिनक्स कर्नलमधील 'रेस कंडिशन' प्रकारची सुरक्षा-त्रुटी (सीव्हीई-२०१६-५१९५). २००७ च्या २.६.२२ आवृत्तीपासून गैरवापर शक्य असलेली ही त्रुटी ऑक्टोबर २०१६ मध्ये उघड झाली.

फक्त वाचण्याची मुभा असलेल्या फाइलच्या खासगी मॅपिंगमध्ये लिहायचे झाल्यास कर्नल त्या पेजची वेगळी प्रत काढून तिच्यात लिहितो. हे काम अनेक टप्प्यांत होते. नेमक्या त्याच वेळी दुसरा थ्रेड 'मॅडव्हाइज' सिस्टम कॉलने ती प्रत टाकून देई आणि लेखन थेट मूळ फाइलच्या पेजवर होई. साधा वापरकर्ता त्यातून रूटचे अधिकार मिळवू शके. अँड्रॉइडही यातून सुटले नाही.

लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्येच ही फट बुजवण्याचा प्रयत्न केला होता; पण एस३९० संगणकांवरील अडचणींमुळे तो बदल मागे घेतला गेला. २०१६ च्या दुरुस्तीत प्रत निघाल्याची नोंद ठेवणारा स्वतंत्र फ्लॅग आला.