राखीव पिना: प्रोसेसर, सॉकेट आणि वेळ यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

नव्या मदरबोर्डच्या सॉकेटवर काळी प्लॅस्टिकची टोपी असते. नवखा माणूस ती आधी काढून फेकतो आणि लॅमिंग्टन रोडवरचा मुरलेला दुकानदार त्याला थांबवतो: "ठेवा ती, वॉरंटीला लागते." टोपीखाली हजारभर बारीक, वाकड्या मानेच्या पिना रांगेत उभ्या असतात; बोटाचा धक्का लागला तरी त्यांतली एखादी कायमची मान टाकते. चिपच्या एका कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण असतो आणि सॉकेटच्या एका कोपऱ्यावर त्याला जुळणारी खूण. त्या जुळवून चिप अलगद सोडायची, दाबायची नाही. मग बाजूची दांडी खाली आणायची. ती आणताना वरची पोलादी चौकट करकरते आणि बसवणाऱ्याचा जीव खालीवर होतो. चिप बसली. आता ती चालेल का, हा वेगळाच प्रश्न आहे आणि या पुस्तकाचा विषय तोच आहे.

प्रोसेसरच्या आतल्या रचनेवर जाडजूड ग्रंथ आहेत. सॉकेटच्या वाट्याला त्यांत एखादी आकृती येते. निव्वळ यांत्रिक भाग म्हणून अभ्यासक तो ओलांडून पुढे जातात. माझ्या मते ही मोठी गफलत आहे. सॉकेट हा करार असतो. त्याच्या एका बाजूला चिप करणारी कंपनी, दुसऱ्या बाजूला बोर्ड करणाऱ्या अनेक कंपन्या आणि करारावर सही होते तेव्हा पुढच्या पिढीची चिप अजून कागदावरच असते. पिनांची संख्या आणि खाचांची जागा ही या कराराची फक्त पहिली ओळ. कोणत्या पिनेतून किती वीज जायची, मेमरी कोणत्या जातीची घ्यायची, बोर्डावरच्या बायोसला चिपची ओळख पटते का, ही खरी कलमे.

एएमडीच्या ऑप्टेरॉनचे जुने 'सॉकेट ९४०' आणि मे २००६ मध्ये आलेले 'एएम२' यांच्या पिना सारख्याच, ९४०. तरी एकाची चिप दुसऱ्यात जात नाही, कारण खाचा मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. एएमडीने मेमरी कंट्रोलर चिपच्या पोटात घेतला होता. मेमरी डीडीआरवरून डीडीआर२वर गेली की चिप बदलणार आणि तिच्यामागोमाग सॉकेटही. इंटेलचा कंट्रोलर त्या काळी बोर्डावरच्या चिपसेटमध्ये असे, म्हणून २००४ साली आलेल्या एलजीए ७७५ ने डीडीआर, डीडीआर२ आणि डीडीआर३ अशा तीन पिढ्या पाहिल्या. पण म्हणून २००४ च्या बोर्डावर २००६ ची 'कोअर २ ड्युओ' चालली असे समजू नका. ती त्यात बसे व्यवस्थित, पण त्या बोर्डांवरची वीजपुरवठ्याची व्यवस्था तिच्या मागणीसाठी केलेलीच नव्हती.

उद्याचे मावेल असा करार आज कसा लिहायचा? याचा मला सुचणारा उत्तम दाखला संगणकातला नाही. तंजावरवर भोसल्यांचे राज्य असताना कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरच्या सद्गुरू स्वामींनी (१७७७–१८१७) दक्षिणेतल्या भजनाला पद्धती घालून दिली. कशानंतर काय गायचे याचा क्रम बांधला गेला. त्यात जयदेवाच्या अष्टपद्या आल्या, नारायणतीर्थांचे तरंग आले, पुरंदरदासांची पदे आली आणि आपल्या संतांचे अभंगही आले. क्रम पक्का, पण त्या त्या जागी कोणते पद घ्यायचे याची मोकळीक; म्हणून संस्कृत, तेलुगू, कन्नड, तमिळ आणि मराठी एकाच बैठकीत नांदू शकतात. तुलना इथेच सोडतो. भजनात अभंग चुकीच्या जागी आला तर फार तर भागवतर डोळे वटारतील. चुकीच्या पिनेत वीज गेली तर चिप जळते.

मराठी मुलखात या विषयाचा आरंभ पुण्यात सापडतो. १९८८ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' आला. तो ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपांवर बांधलेला होता. ट्रान्सप्युटरला चार दुवे असत. ते शेजारच्या चिपांना जोडत गेले की यंत्र वाढत जाई. एकाच चिपमध्ये अनेक कोअर यायला अजून अवकाश होता, पण अनेक प्रोसेसरांनी एक काम वाटून घेण्याचे सगळे प्रश्न इथे आधीच हजर होते.

परममध्ये टी८०० घराण्यातली चिप होती. ही १९८७ ची. तिच्या आधीची टी४१४, १९८५ ची. टी४१४ ला दशांश अपूर्णांकांचे गणित करणारा वेगळा विभाग नव्हता, टी८०० ला होता. फरक एवढा मोठा, तरी २० मेगाहर्ट्झच्या टी४१४ साठी केलेल्या बोर्डावर त्याच वेगाची टी८०० सरळ लावता येत असे. हे कसे जमले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. टी४१४ च्या काही पिनांना स्वतःचे काम नव्हते. बोर्डावर त्या ग्राउंडला जोडून ठेवायच्या असा दंडक होता. टी८०० ने नव्या कामांसाठी नेमक्या याच पिना घेतल्या. त्यांतल्या तीन वेग ठरवणाऱ्या होत्या आणि तिन्ही ग्राउंडला असतील तर वेग २० मेगाहर्ट्झ, असे टी८०० च्या रचनाकारांनी ठरवले. म्हणजे जुन्या बोर्डाला नवी चिप काय मागते हे ठाऊकच नव्हते, पण तो नकळत बरोबर उत्तर देत होता! माहितीपत्रकात अशा पिनांची ओळ रुक्ष असते आणि वाचणारा ती गाळतो. या पुस्तकात ती सगळ्यात आधी वाचली जाईल.

मग टी९००० ची कथा. १९९१ मध्ये ती जाहीर झाली तेव्हा टी८०० च्या दसपट वेगाचा वायदा होता. चिप लांबत गेली, ठरलेला वेग गाठता आला नाही आणि शेवटी प्रकल्पच गुंडाळला गेला. टी९००० ला चालवण्यासाठी सर्वोत्तम यंत्र म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टर, असा विनोद ट्रान्सप्युटरच्या मंडळींत रूढ झाला, कारण चिप दिसत होती ती फक्त भाषणांतल्या पारदर्शिकांवर. त्यात तिचे दुवेही नव्या पद्धतीचे होते. जुन्या ट्रान्सप्युटरशी बोलायला मध्ये रूपांतर करणारी वेगळी चिप लागे. एका पिढीला जो शेजारधर्म जमला तो पुढच्या पिढीला जमला नाही.

ट्रान्सप्युटरवर यंत्रे बांधणाऱ्यांना मार्ग शोधावे लागले. जर्मनीच्या पार्सिटेकने टी९००० डोळ्यांसमोर ठेवून आखलेले यंत्र टी८०५ वर बाजारात आणले आणि नंतर पॉवरपीसीची वाट धरली. पुण्याच्या 'परम ८६००' मध्ये गणिताला इंटेलची आय८६० आली आणि ट्रान्सप्युटर निरोप्याच्या कामावर राहिला. पुढे १९९४ च्या सुमाराच्या 'परम ९०००' मध्ये सुपरस्पार्क आली आणि प्रोसेसर बदलता येईल अशी मोकळी चौकट हाच रचनेचा पाया ठरला. ८६०० ला अनेक जण वेळ मारून नेलेले यंत्र मानतात. मला ते पटत नाही. हिशेब करणारा आणि निरोप नेणारा वेगळा काढला की दोघांची वेळापत्रके एकमेकांपासून सुटतात, हा धडा त्या यंत्रात आहे आणि आजच्या चिपांच्या आत तोच पुन्हा भेटतो.

दुसरे प्रकरण घडले तेही पुण्यातच. नोव्हेंबर २००७ च्या 'टॉप ५००' यादीत टाटा सन्सच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा 'एक' हा महासंगणक जगात चौथा आला: १४,२४० कोअर, ११७.९ टेराफ्लॉप्स. त्यात एचपीचे ब्लेड सर्व्हर होते आणि इंटेलची ३ गिगाहर्ट्झची चार कोअरची झिऑन. ही चिप तेव्हा मिळाली ती सॉकेटमुळे. इंटेलने २००६ च्या मध्यावर एलजीए ७७१ वर दोन कोअरची झिऑन आणली होती. चार कोअर एका सिलिकॉनवर कोरत बसण्याऐवजी कंपनीने दोन कोअरचे दोन तुकडे एकाच आवरणात शेजारी ठेवले आणि नोव्हेंबर २००६ मध्ये त्याच सॉकेटवर, त्याच जातीच्या सर्व्हरमध्ये चार कोअर हजर केले. दोन तुकड्यांना एकमेकांशी बोलायला चिपबाहेरच्या बसवरूनच जावे लागे. एएमडीवाल्यांनी याला अस्सल चार कोअर म्हणायला नकार दिला आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच होते. त्यांची एकाच तुकड्यावर चार कोअर असलेली 'बार्सिलोना' सप्टेंबर २००७ मध्ये आली, लगेच तिच्यात दोष निघाला आणि सुधारित आवृत्ती यायला २००८ उजाडले.

जून २००८ च्या यादीत 'एक' आठव्या क्रमांकावर होता, वेग १३२.८ टेराफ्लॉप्सपर्यंत वाढवूनही. चौथ्या जागेवर आता टेक्सासचा 'रेंजर' होता आणि त्यात हीच बार्सिलोना होती. उशिरा आलेली चिप हरली असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

घरातल्या संगणकाकडे वळू. एलजीए ११५१ हे सॉकेट २०१५ चे. ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटेलने घरगुती चिपांत सहा कोअर आणले. सॉकेटचे नाव तेच, पिना तेवढ्याच, पण जुन्या बोर्डांवर या चिपा अधिकृतपणे चालत नव्हत्या. कोअर वाढले तशी विजेची भूक वाढली. वीज नेणाऱ्या पिना १२८ वरून १४६ झाल्या आणि राखीव पिना ४६ वरून २५ वर उतरल्या. टी८०० च्या वेळी राखीव पिनांनी जुन्या बोर्डाला तारले. इथे त्याच प्रकारच्या पिना खर्चून जुना बोर्ड बाहेर काढला गेला. हे खरोखर अटळ होते की धंद्याच्या सोयीचे, यावर वाद झाले. माझा कल दुसरीकडे झुकतो, पण वाचकाने पिनांचे दोन्ही तक्ते शेजारी ठेवून आपले मत करावे.

एएमडीचे एएम४ उलट चालले. २०१७ मध्ये त्यावर आठ कोअर आले आणि २०१९ मध्ये सोळा, तेही त्याच सॉकेटवर. कोअरचे तुकडे वेगळे आणि मेमरी व बाहेरच्या जगाशी बोलणारा तुकडा वेगळा, अशी रचना केल्यामुळे आत उलथापालथ झाली तरी सॉकेटला तिचा पत्ता लागत नव्हता. अडचण आली ती भलत्याच ठिकाणी. बोर्डांवरची बायोसची चिप १६ मेगाबाइटची. इतक्या प्रोसेसरांची ओळख त्यात मावेना. मे २०२० मध्ये कंपनीने सांगितले की ४०० मालिकेच्या बोर्डांवर पुढची पिढी चालणार नाही. गिऱ्हाइके चिडली आणि त्याच महिन्यात निर्णय फिरवावा लागला. बायोस अद्ययावत करण्यापुरता जुना प्रोसेसर दुकानदाराकडून लावून घेणे हा त्या वर्षांतला नेहमीचा सोपस्कार होता. सॉकेटच्या कराराला तिसरा पक्षही असतो, पैसे मोजणारा, हे त्या महिन्यात उघड दिसले.

या विषयात शिरायला विद्युत अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. ओहमचा नियम, बायनरी अंक आणि तक्ता चिकाटीने वाचायची सवय एवढे पुरते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तर जरूर यावे, कारण इथली कागदपत्रे तारखांची आहेत: चिप जाहीर कधी झाली, नमुने कधी निघाले, दुकानात कधी आली. बोर्ड बांधणाऱ्याचे नशीब या तीन तारखांमधल्या अंतरांवर ठरते. अभियंत्यांना मात्र इथे थोडे अवघडल्यासारखे होईल. उत्तम रचना उशिरा आल्यामुळे वाया गेली, जोडकाम वेळेवर आल्यामुळे जिंकले, असे निकाल त्यांच्या सौंदर्यदृष्टीला रुचत नाहीत. पहिली तीन प्रकरणे सलग वाचावीत. पुढची कुठूनही उघडली तरी चालतील.

शेवटचे प्रकरण मुद्दाम अपुरे ठेवले आहे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी 'परम रुद्र' महासंगणकांचे लोकार्पण झाले. त्यांतला पुण्याचा महासंगणक जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामाला, आकाशातले वेगवान रेडिओ स्फोट शोधायला दिला आहे. या यंत्रांतला 'रुद्र' सर्व्हर सी-डॅकने देशात घडवला, ही मोठी मजल आहे. त्यावर बसणारा झिऑन मात्र २०१९ च्या पिढीचा, एलजीए ३६४७ सॉकेटचा. लोकार्पणापर्यंत इंटेल एलजीए ४१८९ आणि एलजीए ४६७७ हे दोन्ही टप्पे ओलांडून पुढे गेली होती. बोर्ड आपला आणि सॉकेट दुसऱ्याचे असेल तर वेळापत्रकही दुसऱ्याचेच असते; रुद्रच्या कर्त्यांना हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. सी-डॅकने जाहीर केलेल्या 'औम' या ९६ कोअरच्या, आर्मच्या आराखड्यावरच्या प्रोसेसरकडे म्हणूनच या क्षेत्राचे लक्ष लागलेले आहे. त्याच्या पिनांचा तक्ता हाती येईल तेव्हा किती पिना राखीव ठेवल्या आहेत ते आधी मोजू आणि पुढच्या आवृत्तीत हे प्रकरण पुरे करू.