शेजारच्या बांधकामाचा आवाज : वऱ्हाडातील दोनशे वर्षे

शेजारी बांधकाम सुरू झाले की घरात दोन तट पडतात. एक जण म्हणतो, आपण घर बांधले तेव्हा शेजाऱ्यांनी सोसलेच होते, आता आपण सोसायचे. दुसरा म्हणतो, तेव्हाचे बांधकाम वेगळे होते, हे सोसण्यापलीकडचे आहे. गंमत अशी की दोघांचेही बरोबर आहे. शेजारधर्म जुना आहे आणि आवाज नवा आहे. हा फरक कसा पडत गेला, ते आपल्या अमरावती आणि अकोला या दोन शहरांच्या इतिहासातून पाहण्यासारखे आहे.

अमरावतीतले सगळ्यात मोठे जुने बांधकाम म्हणजे तिचा परकोट. १८०७ साली, निजामाच्या राजवटीत, त्याचे काम सुरू झाले. अमरावती ही तेव्हाच श्रीमंत सावकार-व्यापाऱ्यांची पेठ होती आणि पेंढाऱ्यांच्या धाडींची धास्ती होती. म्हणून सुमारे सव्वादोन मैल घेराची, वीस ते सव्वीस फूट उंचीची दगडी भिंत उभी राहिली. तिला पाच दरवाजे आणि चार खिडक्या ठेवल्या. अंबागेट, जवाहर गेट, नागपुरी गेट ही नावे आजही रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत. एवढी भिंत उभी राहायची तर पाथरवटांच्या छिन्न्या आणि हातोडे किती दिवस वाजले असतील, याची कल्पनाच करावी. पण त्या आवाजाचा अर्थ गावाला ठाऊक होता. भिंत सगळ्यांची होती. ज्याच्या कानावर घण पडत होता, त्याचेच घर त्या भिंतीआड सुरक्षित राहणार होते.

घरांचे बांधकामही आवाजाचेच होते. जुन्या वऱ्हाडी धाब्याच्या घरासाठी पांढरी माती तुडवली जाई. वाड्यांसाठी बैल जुंपलेल्या घाणीत चुना मळला जाई. जमीन बसवायला धुम्मस चाले आणि बायका त्या ठेक्यावर गाणी म्हणत. लाकडावर वाकस चाले, दगडावर टाकी. मात्र या सगळ्या आवाजांना दोन मर्यादा होत्या. एक, तो माणसाच्या किंवा बैलाच्या ताकदीचा आवाज होता. हात दमले की तो थांबे. दुसरी, दिवस मावळला की काम बंद. कंदिलाच्या उजेडात कोणी भिंत रचत नसे. म्हणजे शेजाऱ्याची रात्रीची झोप राखण्यासाठी कायद्याची गरजच नव्हती. ते काम अंधार करत होता.

ही घडी मोडली ती कापसाने. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ साली मुंबईची रेल्वे अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोचली. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो रेल्वेचा फाटा खुला करायला खामगावला आले. मग सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस रेल्वेच्या आसऱ्याने उभे राहिले. हंगाम आला की हे कारखाने दिवस-रात्र चालत. वाफेच्या यंत्राला ना दम लागे, ना अंधाराची अडचण. पहाटेचा भोंगा आसपासच्या वस्तीचे घड्याळ झाला.

इथे आवाजाच्या इतिहासात एक महत्त्वाची गोष्ट घडली. आवाज करणारा आणि त्याचा फायदा घेणारा एका बाजूला गेला, आवाज ऐकणारा दुसऱ्या बाजूला राहिला. परकोटाच्या वेळी ते दोघे एकच होते. या नव्या भांडणासाठी कायद्याची जुजबी सोयही होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेत सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या करताना एक मार्मिक वाक्य घातलेले होते. एखाद्या उपद्रवामुळे कुणाची तरी सोय किंवा फायदा होतो, म्हणून तो क्षम्य ठरत नाही, असा त्याचा आशय. तत्त्व उत्तम, पण शिक्षा जास्तीत जास्त दोनशे रुपये दंड. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा ही रक्कम एक हजार झाली.

आता आजच्या बांधकामाकडे येऊ. परकोटाबाहेर अमरावती पसरली, मोर्णेच्या काठची अकोला नगरी रामदासपेठ, जठारपेठ ओलांडून वाढली, ती मुख्यतः प्लॉट आणि लेआउट पाडून. प्लॉटच्या मधोमध बैठे घर, पुढे तुळस, मागे निंबाचे झाड. पुढच्या पिढीत त्याच प्लॉटवर अपार्टमेंट उभे राहू लागले. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि उंच बांधायला वाव वाढला. म्हणून आज एकाच गल्लीत एक इमारत पुरी होते न होते तोच दुसरी पाडायला घेतात. आवाज दोन महिन्यांचा राहत नाही, तो वर्षानुवर्षांचा होतो.

त्यात आपली जमीन काळी, भारी. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया ठरत नाही. म्हणून काळी माती काढून खाली मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत जावे लागते. पूर्वी हे खोदकाम पहार-कुदळीने होई, आता जेसीबी आणि ब्रेकरने होते. मग बोअरची गाडी, मिक्सर, व्हायब्रेटर, सळई कापण्याचे यंत्र, आणि सगळ्यांत शेवटी फरशीचा कटर, जो महिनोन्महिने संपत नाही.

हा आवाज किती असतो? आवाज मोजण्याचे माप डेसिबल. हे माप गजासारखे सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. आपल्याकडे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ब्रेकरचा आवाज पन्नास फुटांवर ८५ ते ९०च्या घरात जातो. आणि आपल्या गल्लीत दोन घरांमध्ये पन्नास फूट अंतर असते कुठे?

शेजारच्या बांधकामाचे भांडण कोर्टात कसे सोडवायचे, याचा विचार लंडनमध्ये शंभर वर्षांपूर्वी झाला. १९१४ साली डी कायझर नावाच्या हॉटेलने शेजारच्या बांधकामावर दावा लावला. तिथे पायासाठी वाफेच्या यंत्राने रात्रभर खांब ठोकत होते. पाहुण्यांना झोप लागेना, जेवणानंतरची भाषणे ऐकू येईनात. कोर्टाने रात्री दहा ते सकाळी साडेसहापर्यंत काम बंद ठेवायला लावले. पुढे सेल्फ्रिज या मोठ्या दुकानाच्या बांधकामाविरुद्ध शेजारच्या हॉटेलच्या मालकीणबाई कोर्टात गेल्या. १९३७ च्या त्या निकालात दोन्ही बाजूंचा विचार होता. शहरात घरे पडणार आणि बांधली जाणार. वाजवी काळजी घेऊन केलेल्या कामाचा त्रास शेजाऱ्याने सोसला पाहिजे. नुकसानभरपाई साडेचार हजार पौंडांवरून एक हजारावर आली ती त्यामुळेच. पण त्याच निकालात न्यायमूर्तींनी बजावले की आपल्या नफ्यासाठी शेजाऱ्याची एका रात्रीची झोप मोडणे हीसुद्धा क्षुल्लक बाब मानता येणार नाही.

आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे स्वतंत्र नियम २००० साली आले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जगण्याच्या मूलभूत हक्कात गोंगाटापासून मुक्त जगणे येते. पण ही चर्चा मुख्यतः लाउडस्पीकर, फटाके आणि हॉर्न यांचीच होती. बांधकामाचा स्पष्ट उल्लेख आला २०१० च्या दुरुस्तीत. निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवायची नाहीत, असा तो नियम. ठरलेल्या मर्यादेपेक्षा दहा किंवा अधिक डेसिबल आवाज झाला किंवा रात्रीचा नियम मोडला, तर तक्रार करता येते. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना आवाज मोजण्याची यंत्रे पुरवण्याबाबतही शासनाला आदेश दिले. जे काम एके काळी अंधार करत होता, ते आता कागदावर कायद्याने हाती घेतले आहे.

मात्र वऱ्हाडात हा नियम एका खास अडचणीशी येऊन टेकतो. ती म्हणजे आपले ऊन. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. भर दुपारी स्लॅब टाकला तर पाणी उडून जाते, काँक्रीटला भेगा पडतात. मजुराला ऊन लागते ते वेगळेच. म्हणून ठेकेदार पहाटे किंवा रात्री काम काढतो. आणि नेमक्या त्याच पहाटेच्या गारव्यात, रात्रभर तळमळलेल्या माणसाचा डोळा लागलेला असतो. बांधकामाचा हंगाम आणि दहावी-बारावीच्या परीक्षाही एकाच वेळी येतात. यात कोणी एक दुष्ट आहे असे नाही. गच्चीवर निजलेला म्हातारा आणि पाटी वाहणारी बाई, दोघांनाही त्या उन्हापासून सुटका हवी असते. कटरचा सगळ्यांत मोठा आवाज तर तो हातात धरणाऱ्या मिस्त्रीच्याच कानात जातो, बहुधा कापसाच्या बोळ्याविना.

म्हणून तोडगाही दोघांना पुरेल असा काढावा लागतो. तो फार अवघड नाही. सकाळी सहाच्या आत यंत्र लावायचे नाही. फोडण्या-कापण्याचे काम सकाळी आठ ते बारा आणि दुपारी चार ते सात या वेळेत करायचे. एक ते चार यंत्रे बंद. मजुरालाही सावली मिळते आणि शेजारच्या आजारी माणसालाही. फरशी गच्चीवर न कापता खालच्या बंद खोलीत कापायची. स्लॅबचा दिवस शेजाऱ्यांना आधी कळवायचा. आवाज सुरू कधी होणार आणि थांबणार कधी, हे माहीत असले तरी अर्धा त्रास कमी होतो. शेजाऱ्यांनीही एकेकट्याने भांडायला न जाता चार घरांनी मिळून, तारीख-वेळ लिहून ठेवून बोलावे. त्यातून भागले नाही तर ११२ क्रमांकावर पोलीस आहेत, महानगरपालिकेचा बांधकाम विभाग आहे आणि शेवटी दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूमही आहे.

जुन्या वाड्यांत दोन घरांमध्ये सामाईक भिंत असे. तिच्यात तुळई बसवायची तर शेजाऱ्याला विचारल्याशिवाय चालत नसे. आज भिंती वेगळ्या झाल्या, पण आवाज मात्र सामाईकच राहिला. तेव्हा भूमिपूजनाचे पेढे शेजारी द्यायला जाताना कामाच्या वेळाही सांगून याव्यात. ज्यांच्या कानावर दीड-दोन वर्षे घण पडणार आहेत, त्यांना विचारण्याचा तेवढा मान आहेच.