पक्षाघात : उपचारानंतर रक्ताचा अहवाल काय सांगतो?

नाशिक, प्रतिनिधी

पक्षाघाताचा झटका आलेल्या रुग्णाला रुग्णालयात दाखल केल्यानंतर नातेवाइकांच्या हाती पडणारा पहिला कागद बहुधा रक्ततपासणीच्या अहवालाचा असतो. त्यातील काही आकडे ठळक छापलेले असतात, तर काहींपुढे वर-खाली बाण असतात. 'सीआरपी वाढला म्हणजे रुग्ण बरा होणार नाही का?', 'पांढऱ्या पेशी इतक्या का वाढल्या?' असे प्रश्न अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर नेहमीच ऐकू येतात. यातील कोणता आकडा उपचारांची दिशा ठरवतो, कोणता केवळ अंदाज देतो आणि कोणता अद्याप प्रयोगशाळेपुरताच मर्यादित आहे, हे समजून घेणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

गुठळी की रक्तस्राव?

पक्षाघात म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक बंद पडणे किंवा तेथील रक्तवाहिनी फुटणे. मुंबईत २००५ व २००६ या दोन वर्षांत डॉ. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकसंख्येवर आधारित पाहणी केली होती. प्रथमच झटका आलेल्या ४५६ रुग्णांपैकी ८०.२ टक्के रुग्णांत कारण गुठळीचे, तर १७.७ टक्के रुग्णांत रक्तस्रावाचे होते. त्यातील २९.८ टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले.

या दोन प्रकारांचे उपचार परस्परविरोधी आहेत. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन रक्तस्रावाच्या रुग्णाला दिले, तर ते जिवावर बेतू शकते. हा भेद आजही सीटी स्कॅन किंवा एमआरआयनेच केला जातो. रक्तस्रावात मेंदूतील तारकापेशींमधून 'जीएफएपी' नावाचे प्रथिन झपाट्याने रक्तात उतरते. त्यावरून रुग्णवाहिकेतच निदान करता येईल का, याचा शोध सुरू असला, तरी स्कॅनची जागा घेईल अशी रक्ततपासणी अद्याप रूढ झालेली नाही.

इंजेक्शनपूर्वी अनिवार्य तपासणी एकच

अल्टेप्लेज या औषधाचा लाभ अमेरिकेतील १९९५ च्या चाचणीत सिद्ध झाला, तेव्हा मर्यादा पहिल्या तीन तासांची होती. २००८ मध्ये युरोपातील चाचणीनंतर ती साडेचार तासांवर गेली. आता टेनेक्टेप्लेज हे एकाच वेळी देता येणारे औषधही वापरात आहे. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल, तर जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढण्याचा मार्ग २०१५ पासून सर्वमान्य झाला. २०१८ नंतर निवडक रुग्णांत तो चोवीस तासांपर्यंत खुला झाला. मात्र त्यासाठी कॅथ लॅब व प्रशिक्षित तज्ज्ञ असलेलेच रुग्णालय लागते.

या सर्व उपचारांत मिनिटांना मोल आहे. मोठी रक्तवाहिनी तुंबल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडण्यात आला. त्यामुळेच इंजेक्शनपूर्वी ज्या एका रक्ततपासणीसाठी थांबणे अनिवार्य मानले जाते, ती केवळ रक्तातील साखरेची आहे. बोटाला सुई टोचून ती मिनिटभरात होते. साखर ५० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास पक्षाघातासारखीच लक्षणे दिसू शकतात आणि ग्लुकोज देताच रुग्ण सावरू शकतो, हे त्यामागील कारण.

रक्त गोठण्याची क्षमता दर्शवणारा 'आयएनआर' १.७ पेक्षा अधिक किंवा प्लेटलेटची संख्या एक लाखापेक्षा कमी असल्यास इंजेक्शन टाळले जाते. मात्र रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत नसेल आणि रक्तविकाराची शंका नसेल, तर या अहवालांची वाट पाहत उपचार रोखू नयेत, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. रुग्ण कोणत्या गोळ्या घेतो, हे नातेवाइकांनी तत्काळ सांगितले, तर बहुमोल वेळ वाचतो. गोळ्यांची पाकिटे सोबत नेणे हा त्यावरील सोपा उपाय आहे.

उपचारानंतरचे आकडे

इंजेक्शन दिल्यानंतर पहिले चोवीस तास नाजूक असतात. १९९५ च्या चाचणीत औषध मिळालेल्या ६.४ टक्के रुग्णांत, तर औषध न मिळालेल्या ०.६ टक्के रुग्णांत लक्षणे बिघडवणारा मेंदूतील रक्तस्राव आढळला होता. तरीही तीन महिन्यांनंतर जवळपास अपंगत्वाविना राहिलेल्यांचे प्रमाण औषध मिळालेल्यांतच जास्त होते. या काळातील काही तपासण्यांचा अर्थ पुढीलप्रमाणे सांगता येईल.

फायब्रिनोजेन : रक्त गोठवणारे हे प्रथिन आहे. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने ते कमी होते. रक्तस्रावाची शंका आल्यास त्याची पातळी पाहून रक्तपेढीतून क्रायोप्रेसिपिटेट मागवले जाते. त्यामुळे हा आकडा थेट उपचार ठरवतो.

रक्तशर्करा : झटक्यानंतर मधुमेह नसलेल्यांचीही साखर वाढू शकते. वाढलेली साखर आणि मंद सुधारणा यांचा संबंध अनेकदा आढळला आहे. म्हणून साखर फार कठोरपणे खाली आणावी का, हे अमेरिकेतील 'शाइन' चाचणीत तपासले गेले. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार त्यातून अधिक लाभ झाला नाही. उलट साखर घसरण्याचा धोका वाढला. निर्देशक वाईट दिसला, म्हणून तो ओढूनताणून सुधारल्याने रुग्ण सुधारतोच असे नाही, हा त्यातील धडा आहे.

सीआरपी : शरीरातील दाह दर्शवणारे हे प्रथिन यकृतात तयार होते. मेंदूचा मोठा भाग बाधित झाल्यास ते वाढते. मात्र अन्न श्वासनलिकेत जाऊन झालेला न्यूमोनिया किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग यानेही ते वाढते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी सीआरपी चढल्यास डॉक्टर आधी संसर्ग शोधतात.

न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर : साध्या सीबीसी तपासणीतून काढता येणारा हा आकडा आहे. मेंदूला इजा होताच न्यूट्रोफिल पेशी वाढतात व लिम्फोसाइट घटतात. गुणोत्तर जितके जास्त, तितकी तीन महिन्यांनंतरची स्थिती प्रतिकूल असण्याची शक्यता अधिक, असे अनेक अभ्यासांत दिसले. तथापि, ही समूहाची सरासरी आहे. एका रुग्णाचे भवितव्य त्यावरून सांगता येत नाही.

नागपूरचे संशोधन

या विषयात महाराष्ट्रातही उल्लेखनीय काम झाले आहे. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेतील डॉ. राजपाल सिंह कश्यप, डॉ. हातिम दागिनावाला, डॉ. जी. एम. टावरी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'आयटीआयएच-४' या प्रथिनाविषयीचे निरीक्षण प्रसिद्ध केले. निरोगी व्यक्तींच्या रक्तद्रवात आढळणारे हे प्रथिन गुठळीच्या पक्षाघातात सुरुवातीला दिसेनासे होते किंवा घटते आणि रुग्णाची प्रकृती सुधारू लागताच पूर्ववत होते, असे त्यांना आढळले. २०१२ मध्ये याच गटाने दाह घडवणारी सायटोकाइन द्रव्ये, हे प्रथिन आणि रुग्णाची सुधारणा यांच्या संबंधांचा अभ्यास मांडला.

बहुतेक निर्देशक इजा झाल्यावर वाढतात. येथे मात्र प्रथिनाचे परत येणे सुधारणेशी जोडलेले दिसले, हे या निरीक्षणाचे वेगळेपण. ही तपासणी नेहमीच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत होणाऱ्या तपासण्यांपैकी नाही. चेतातंतूंच्या इजेनंतर रक्तात येणारे 'न्यूरोफिलामेंट लाइट चेन' आणि शरीरावरील ताण दर्शवणारे 'कोपेप्टिन' यांच्यावरही जगभर अभ्यास झाले आहेत. परंतु सुधारणेचे भाकीत करण्यासाठी यापैकी एकही तपासणी सरसकट करावी, अशी शिफारस नाही. रुग्णाचे वय, झटक्याची तीव्रता, बाधित भागाचा आकार आणि उपचार सुरू होण्यास लागलेला वेळ हेच आजही भरवशाचे निकष आहेत.

आदिवासी तालुक्यांसाठी वेगळा मुद्दा

सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर अशा तालुक्यांत आणखी एक रक्ततपासणी महत्त्वाची आहे. आदिवासी समाजात सिकलसेल विकार आढळतो आणि त्यात कमी वयातही पक्षाघात होऊ शकतो. अशा रुग्णात रक्त बदलण्याचा उपचार प्रमुख ठरतो. म्हणूनच लहान मुलास किंवा तरुणास झटका आल्यास सिकलसेल तपासणीचे कार्ड असेल, तर ते डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली असून, तपासणी हा तिचा प्रमुख भाग आहे.

या भागातून नाशिक गाठण्यासच दोन तासांहून अधिक वेळ सहज जातो. साडेचार तासांच्या मर्यादेतील निम्मा वेळ घाटरस्त्यावर खर्च होत असेल, तर उरलेल्या वेळात गावातील उतारा, मालिश किंवा 'सकाळपर्यंत पाहू' यांना जागा उरत नाही. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण दिसताच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी.

घरी परतल्यानंतर

रुग्णालयातून सुटी मिळाल्यानंतर रक्ततपासण्यांचा हेतू बदलतो. आता दुसरा झटका टाळायचा असतो. एलडीएल कोलेस्टेरॉल ७० मिलिग्रॅमच्या खाली ठेवल्यास पुढील हृदय व रक्तवाहिन्यांचे आघात कमी होतात, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स व कोरियातील चाचणीत दिसले. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी, वॉरफरिन घेणाऱ्यांसाठी नियमित आयएनआर आणि रक्तदाबाची नोंद हे घरच्यांनी सांभाळावयाचे आकडे आहेत.

रुग्ण किती सावरला, हे मात्र अहवालात छापले जात नाही. कोणाच्या आधाराविना उठता येते का, जेवता येते का, न्हाणीघरापर्यंत जाता येते का, यावरूनच तीन महिन्यांनंतर त्याची श्रेणी ठरवली जाते. याच तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो. पहिल्या आठवड्यातील एखादा वाढलेला आकडा पाहून निराश झालेल्या कुटुंबाने या काळात व्यायामोपचार सोडून दिल्यास होणारी हानी कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही. अहवाल डॉक्टरांकडून समजून घ्यावा आणि व्यायाम नियमित सुरू ठेवावा, हेच रुग्णाच्या हिताचे आहे.