दारणेचा मासा

नाशिकच्या इतिहासाचे अभ्यासक पंचवटीची पुण्याई, पेशवाईतील देवालये आणि इंग्रजी अमदानीतील देवळालीची छावणी यांविषयी विस्ताराने लिहीत आले. परंतु याच देवळालीच्या नावे प्राणिशास्त्राच्या दप्तरात एका बोटभर माशाची नोंद आहे, ही वार्ता खुद्द नाशिककरांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

कुलंग किल्ल्याच्या उतारावर उगम पावून, इगतपुरीचा मुलूख ओलांडून, देवळालीजवळून वाहत गोदावरीस मिळणाऱ्या दारणा नदीतील मासे सुंदरलाल होरा व मिश्रा या प्राणिशास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा त्यांतील एक जात शास्त्रास सर्वस्वी अपरिचित असल्याचे त्यांना आढळले. आणि १९३८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन करताना, संस्थेचे क्युरेटर प्रेटर यांच्या सन्मानार्थ, त्यांनी तिला 'पॅराप्सिलोरिंकस प्रेटेरी' असे नाव दिले.

मात्र ही नोंद होण्याच्या बावीस वर्षे आधी, १९१६ साली, दारणेवर धरण उभे राहिले होते आणि नदीचा प्रवाह नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्यांच्या आवर्तनांशी बांधला गेला होता. त्या पाण्याने नगर जिल्ह्यात ऊस पिकला, हजारो कुटुंबे स्थिरावली, हे निर्विवाद. परंतु खडकाळ पात्रातील खळाळत्या, निर्मळ पाण्यावर ज्याचे जीवित अवलंबून, त्या जीवाची कैफियत कोणत्याही सरकारी कचेरीत दाखल झाली नाही. पुढे शहर वाढले, सांडपाणी वाढले, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या माशास अतिसंकटग्रस्त ठरविले.

इंडोनेशियातील बांगाई बेटांच्या प्रवाळांत राहणारा कार्डिनल मासाही असाच एका लहानशा प्रदेशापुरता मर्यादित आहे. शोभेच्या टाक्यांसाठी तो अतोनात पकडला गेला, २००७ साली संकटग्रस्त ठरला, आणि त्याच्या सौंदर्यामुळे त्याची हाक दूरवर पोहोचली. दारणेच्या माशापाशी ते रूप नाही. ज्या पाणलोटात तो राहतो, त्यातीलच नांदूर मध्यमेश्वर पक्ष्यांच्या पुण्याईने २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. हा मासा मात्र उपेक्षितच राहिला.

मत्स्यावतारास वंदन करणाऱ्या या क्षेत्रभूमीस हे शोभत नाही. जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. दारणाकाठच्या नोंदवह्यांत या माशास अग्रस्थान मिळावे, उन्हाळ्यात पात्रातील खडकाळ टप्प्यांची रीतसर पाहणी व्हावी, आणि आवर्तनांचा हिशेब मांडताना नदीच्या स्वतःच्या वाट्याचे पाणी प्रथम बाजूस काढावे, एवढे तरी नाशिकने आपले कर्तव्य मानले पाहिजे.